पूर्वेस शीव

पत्र :

“नमस्कार काका. माझे वडील गेल्या कार्तिकात गेले. त्यांच्या ट्रंकेत आजोबांचं १९२६ सालचं मोडीतलं खरेदीखत सापडलं. जमीन इंदापूर तालुक्यातली, ४ एकर १२ गुंठे. मोडी वाचणाऱ्या एकांकडून ते बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून घेतलं. चतुःसीमा अशी आहे : ‘पूर्वेस शिव, दक्षिणेस पाणंद, पश्चिमेस माळी याचा बांध, उत्तरेस ओघळ.’ त्या पहिल्या शब्दावरून घरात तीन पक्ष पडलेत. चुलते म्हणतात, शिव म्हणजे बांध. आपला बांध संपला की जमीन संपली, गप्प बसा. दादा म्हणतो, शिव म्हणजे शंकर. पूर्वेला पलीकडच्या गावात महादेवाचं देऊळ आहे, तिथपर्यंत आपलंच. आई म्हणते, शीव म्हणजे शीव, त्यात विचारायचं काय? आखाडात तिथं आम्ही निवद ठेवायचो. आमच्या बांधापुढे सहा-सात पावलांची पडीक पट्टी आहे आणि तिच्या पलीकडे शेजारच्या गावच्या माणसाचा ऊस. गेल्या वर्षी त्यानं पट्टीत दोन सऱ्या पुढे ओढल्या. दादा वकील गाठायला निघालाय. मला म्हणतो, तू हक्कसोड करून दे, म्हणजे मला एकट्याच्या नावावर मोजणी मागवता येईल. माझे मिस्टर अमरावतीचे. ते मधूनच ‘धुरा’ म्हणतात आणि गोंधळ वाढवतात. शब्दाचा अर्थ सांगा आणि पुढं काय करू तेही सांगा. — एक लेक, पिंपरी”

ताई,

तुमच्या आईंचं बरोबर आहे. मी उत्तर इथंच थांबवलं असतं, पण दादा वकिलाकडे निघालेत म्हणून चार गोष्टी जास्त लिहितो. मी तीसेक वर्षं भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीवाला, म्हणून शेतं तुडवली. एका शब्दासाठी भावाभावांत कोर्ट लागलेलं पाहिलंय, आणि तो शब्द धड वाचलेलाच नव्हता असंही पाहिलंय.

आधी महादेवाला या भांडणातून सोडवू. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. ‘शिव’ आणि ‘शीव’ मोडीत एकसारखेच दिसतात. बाळबोधीत उतरवताना कोणती वेलांटी द्यायची हे वाचणारा ठरवतो. तुमच्या वाचकांनी पहिली दिली आणि शीवेचा शंकर झाला. खत लिहिणाऱ्याला देऊळच सांगायचं असतं तर त्यानं ‘श्रीमहादेवाचे देवालय’ असं सरळ लिहिलं असतं. इंदापूरकडचा माणूस देवळाला नुसतं ‘शिव’ म्हणताना मी तरी ऐकला नाही. पिंडीला पाणी घालून आला तर तो महादेवाला जाऊन आलो म्हणतो.

आता शीव. हा शब्द संस्कृत ‘सीमा’चाच, आपल्या मातीत झिजून गोल झालेला. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, तशी सीमेची शीव झाली. शब्द स्त्रीलिंगी : ती शीव, शिवेवर, शिवेपलीकडे. जिभेची, विटेची जी रीत तीच. एकटी उभी असताना दीर्घ, प्रत्यय लागला की ह्रस्व. तुमच्या खतात ‘पूर्वेस शीव’ असा शब्द एकटा उभा आहे, म्हणून तो दीर्घच हवा.

पण शीव कशाची सीमा? शेताची नव्हे, गावाची. चुलत्यांची चूक इथं होते. दोन शेतांच्या मधे असतो तो बांध. दोन गावांच्या मधे असते ती शीव. गावाच्या वस्तीला कूस, म्हणजे भोवतीची भिंत, कुसाला वेस, म्हणजे दार, वस्तीबाहेर शिवार आणि शिवार संपतं तिथं शीव. अब्रू वेशीवर टांगतात, शिवेवर नाही, कारण वेशीतून दिवसभर माणसं जातात-येतात आणि शिवेवर कुणी बघायला नसतं. शिवेवर मारुती असतो, उतारा टाकलेला असतो, आईंनी ठेवला तसा निवद असतो. लग्नात जे सीमांतपूजन करतात तेही मूळचं हेच : वऱ्हाड गावाच्या शिवेवर आलं की नवऱ्या मुलाला तिथं जाऊन मान द्यायचा. आता ते आदल्या रात्री कार्यालयाच्या एसी हॉलमध्ये होतं आणि शीव कुठं गेली हे कुणी विचारत नाही.

लोकलनं जात असाल तर हा शब्द तुम्ही पाटीवर वाचलाही असेल. मुंबईतलं शीव स्टेशन. इंग्रजीत त्याचं ‘सायन’ असं भलतंच काही झालं, पण मराठीत अर्थ शाबूत आहे. इंग्रजांच्या ताब्यातला मुंबईचा मुलूख तिथं संपायचा आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची. सतराव्या शतकात तिथल्या टेकडीवर इंग्रजांनी किल्ला बांधला तो याच शिवेवर नजर ठेवायला.

बांध आणि शीव यांत आणखी एक फरक आहे. मोजणीवाल्याच्या दृष्टीनं तोच खरा. बांधाला अंग असतं. रुंदी असते, उंची असते, त्यावर बाभळ उगवते, तूर लावता येते, आणि दर नांगरटीला बोटभर कोरता येतो. हद्दीच्या खुणांच्या सरकारी नियमांत त्याला ‘सरबांध’ म्हटलंय आणि तो किती रुंद ठेवायचा हेही ठरवून दिलंय. पोटहिस्स्यांच्या मधला अरुंद, दोन नंबरांच्या मधला रुंद. हद्दीला मात्र अंग नसतं. ती नुसती रेघ. बांध दोघांचा मिळून असला तरी हद्द त्याच्या पोटातून जाते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बांध सरकला तरी हद्द सरकत नाही. चुलत्यांना हे जरूर सांगा. ‘बांध संपला की जमीन संपली’ हे बांध जागेवर असेल तरच खरं.

मिस्टरांचा धुरा म्हणजे विदर्भातला बांध. तोच अर्थ, वेगळी बोली. मी पुण्याकडचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी बदली वऱ्हाडात झाली. एका म्हातारीनं सांगितलं, “साहेब, धुऱ्यावर या, पोरगा तिथंच हाये.” मी अर्धा तास चूल पेटलेली कुठं दिसते का ते शोधत फिरलो. कोकणात गेलात तर भाताच्या खाचरांमधल्या बांधाला मेर म्हणतात. बागेच्या कडेला चिरे किंवा धोंडे रचलेला तो गडगा आणि काट्याकुट्यांची ती वई. शब्द प्रांताप्रांताला बदलतात. कारण सोपं आहे. सीमा कशानं दाखवायची ते तिथल्या जमिनीत जे मिळतं त्यावर ठरतं. गावाच्या सीमेला मात्र बहुतेक ठिकाणी शीवच म्हणतात.

तुमच्या खतातले बाकीचे तीन शब्दही सरळ घेऊ नका. ‘पश्चिमेस माळी याचा बांध’ म्हणजे १९२६ साली तिथं जो माळी होता त्याचा. आज तिथं कुणाचं नाव आहे ते सातबारा सांगेल. तुम्ही गावात जाऊन माळी शोधत बसाल तर भलत्याच माळ्याच्या दारात पोचाल. ‘ओघळ’ पाण्याची आहे, ती शंभर वर्षांत थोडी इकडेतिकडे झालेली असू शकते. ‘पाणंद’ म्हणजे दोन्ही बाजूंनी शेतं असलेली वाट. ती सहसा जागा सोडत नाही, फक्त अरुंद होत जाते. चतुःसीमा लिहिणारा माणूस बांधावर उभा राहून चारी दिशांना बघत लिहायचा. त्या दिवशी त्याला जे दिसलं ते लिहिलं. ते आज वाचताना आपल्यालाही त्या दिवशी जाऊन उभं राहावं लागतं.

ही नुसती जुनी रीत नव्हे बरं. १९०८ च्या नोंदणी कायद्यातही जमिनीचं वर्णन कसं द्यायचं ते सांगितलंय : क्षेत्र, लागून असलेल्या रस्त्यांची आणि मिळकतींची माहिती, आणि जमेल तिथं सरकारी नकाशाचा आधार. आणि खतातल्या क्षेत्रात व चतुःसीमेत मेळ बसला नाही तर न्यायालयं साधारणपणे चतुःसीमेला जास्त वजन देतात. दादांचे वकील त्यांना हे सांगतील आणि दादा खूष होतील. म्हणून पुढचा हिशेब वकिलाआधी तुम्ही करा.

४ एकर १२ गुंठे म्हणजे १७२ गुंठे. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, तेव्हा सगळे मिळून १ हेक्टर ७४ आर होतात. आजचा सातबारा काढून बघा. त्यावर १ हेक्टर ७४ आर किंवा त्याच्या आसपास क्षेत्र असेल, तर आजोबांनी घेतलं तेवढं सगळं तुमच्या नावावर आहे. कमी झालेलं नाही आणि देवळापर्यंत वाढणारही नाही. मेळ बसला म्हणजे क्षेत्र मोठं की चतुःसीमा मोठी हा वादच उरत नाही. सातबारावर बरंच कमी भरलं तर मधल्या काळातले फेरफार एकेक करून काढा. काही भाग विकलेला असतो, काही रस्त्यात गेलेला असतो.

आणि दादांना एक गोष्ट समजावून सांगा. सर्व्हे नंबर असो की गट नंबर, तो एका गावाचा असतो. प्रत्येक गावाचे नंबर एकपासून सुरू होतात आणि शिवेवर संपतात. शीव ओलांडून जाणारा नंबर नसतो. देऊळ पलीकडच्या गावात आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग १९२६ च्या खतातली तुमच्या गावची जमीन तिथवर पोचणं शक्यच नाही, मधे कोण ऊस लावतो याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता राहिली ती सहा-सात पावलांची पट्टी. माझं मन तिथंच अडलं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

तुमचा तालुका मोजणीच्या इतिहासात मानाचा आहे. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याची जमीन मोजणी आणि सारा ठरवण्याची जी पद्धत बसवली, ती पहिल्यांदा इंदापुरातच. आधीच्या प्रिंगलसाहेबाच्या मोजणीनं सारा इतका चढवला होता की लोक गावं सोडून जायला लागले होते. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे आपला एक गुंठा. आपला गुंठा साखळीतून असा आला. आता अर्धी साखळी म्हणजे साडेसोळा फूट. गावनकाशावर तुटक दुहेरी रेघांनी जे गाडीमार्ग दाखवतात ते बहुधा एवढे रुंद असतात. एकेरी तुटक रेघेची पायवाट पाव साखळीची, म्हणजे सव्वाआठ फुटांची.

तुमची सहा-सात पावलं साडेसोळा फुटांच्या जवळ येतात. दोन गावांच्या मधे, कुणीच पेरत नाही अशी, गाडीभर रुंदीची पडीक पट्टी. ताई, मला तो शिवरस्ता वाटतो. शिवेच्या कडेनं जाणारी जुनी गाडीवाट. वापर थांबला, गवत माजलं आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना ती आपली वाटू लागली. तसं असेल तर ती तुमची नाही आणि ऊसवाल्याचीही नाही. ती सगळ्यांची आहे. आणि तुम्हाला तिचा उपयोग मालकीपेक्षा जास्त आहे. उद्या ऊस लावलात तर ट्रॅक्टर तुमच्या शेतात येणार कुठून? दक्षिणेच्या पाणंदीतून येत असेल तर ठीक, पण तीही अरुंद होत चालली असणार.

हा माझा अंदाज आहे. कागद वेगळं बोलला तर कागद खरा. म्हणून तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून तुमच्या गावचा नकाशा काढा, आणि शेजारच्या गावचाही. लोक आपल्याच गावचा नकाशा घेतात आणि अर्धी गोष्ट वाचतात. शीव दोघांची असते, ती दोन्ही नकाशांवर एकमेकींना जुळली पाहिजे. तिच्या कडेला तुटक दुहेरी रेघ आहे का ते बघा. सोबत गटबुकाची नक्कल आणि जुन्या सर्व्हे नंबराचं टिपण मागा, म्हणजे मोजणीच्या वेळी मापं उतरवलेले कागद. तुमच्या खतात सर्व्हे नंबर असेल आणि सातबारावर गट नंबर. १९४७ च्या एकत्रीकरणाच्या कायद्यानं गावोगाव नंबर बदलले. जुना नंबर नव्यात कुठं गेला याचा उतारा नसेल तर कुणी कितीही शपथा घातल्या तरी पुढं जाऊ नका.

खतही पुन्हा वाचून घ्या. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, त्यातून तयार झालेले वाचक मिळतात. मोबदला जरा जास्त गेला तरी चालेल, पण लिप्यंतर शब्दाला शब्द मागा, अर्थ नको. अर्थ लावणाऱ्यानंच तुमच्या घरात महादेव आणून बसवला.

मग मोजणी. अर्जात प्रकार ‘हद्द कायम’ असा टाका. इथं ‘कायम’ हे क्रियेचं नाव आहे, हद्द पक्की करून देणं. अर्ज आता ऑनलाइनही होतो. लगतच्या सगळ्या धारकांना नोटीस जाते. त्यात शेजारच्या गावचा तो ऊसवाला आलाच पाहिजे, त्याचा गट नंबर त्याच्या गावच्या नावासह द्या. नाहीतर तो पुढं म्हणेल, मला कळवलंच नव्हतं, आणि सगळं परत करावं लागेल. ऊस उभा असताना तारीख घेऊ नका. पुरुषभर उसातून नेम साधत नाही. आता जीपीएसवर चालणारं यंत्र आलंय, तरी खुणेचे दगड शोधायला माणूस खालीच वाकतो. तोड झाल्यावर मागा.

मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. भूकरमापक खुणा दाखवील त्या डोळ्यांनी बघा, फोटो काढा. जबाब आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. कोऱ्यावर तर नाहीच. नंतर ‘क’ प्रत नकाशा मिळतो, तो तुमचा खरा कागद. मोजणी चुकली असं वाटलं तर भांडू नका, निमताना मोजणी मागा. वरचा अधिकारी येऊन पुन्हा तपासतो. माझ्या दोन मोजण्यांवर निमताना झाला. एकदा मी बरोबर निघालो आणि एकदा चुकलो होतो.

पट्टी रस्ता निघाली तर दिवाणी दाव्याच्या भानगडीत पडू नका, तहसीलदारांकडे अर्ज करा. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद मागता येते, फक्त अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गेल्या वर्षीच्या सऱ्यांना ती मुदत गेली असेल, पण सरकारी नकाशावरचा रस्ता मोकळा करून मागायला तहसीलदारांचं दार बंद होत नाही. आणि पट्टी तुमच्याच गटात निघाली तर मात्र वेळ काढू नका. खाजगी जमिनीवर दुसऱ्याचा उघड, सलग कब्जा बारा वर्षं चालला की मालकाचा दावा बुडू शकतो. दोन सऱ्या आज दोनच आहेत.

हक्कसोडीचं थोडक्यात. मोजणीसाठी हक्कसोड लागत नाही. हे दोन वेगळे विषय आहेत आणि दादांनी ते एका वाक्यात बांधले. वडील गेल्यावर आधी वारस नोंद व्हायला हवी : आई, दादा, तुम्ही, जे असतील ते सगळे. ती नोंद झाली नसेल तर तलाठ्याकडे वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज द्या. मग मोजणीच्या अर्जावर सगळ्यांनी सह्या करा. पोटच्या मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तो सोडायचा की नाही हे तुम्ही नंतर, शांतपणे, कुणाच्या घाईशिवाय ठरवा. सोडलात तर तो नोंदणीकृत दस्त असतो, परत मागता येत नाही. दादांचं मन वाईट आहे असं मी म्हणत नाही. कदाचित तलाठी कचेरीत कुणीतरी त्यांना तसं सुचवलं असेल. पण हे सांगितल्यावरही त्यांचा आग्रह टिकला, तर पट्टीपेक्षा त्याचा विचार आधी करा.

आणि मोजणीला आईंना घेऊन जा. खुर्ची न्या, पाण्याची बाटली न्या, छत्री न्या. आखाडात निवद नेमका कुठं ठेवायच्या ते त्यांना दाखवू द्या. जुन्या काळी दोन गावांच्या शिवेचा तंटा लागला की महाराची साक्ष महत्त्वाची मानायचे, कारण शीव राखायचं काम त्याच्याकडे होतं आणि ती कुठून कुठं जाते हे त्याला पाठ असायचं. तसं पाठ असलेलं माणूस आता तुमच्या घरात एकच आहे. त्यांनी बोट दाखवलं की तिथं जरा उकरून बघायला सांगा. शेंदूर लागलेला धोंडा मिळेल, किंवा त्याच्याखाली सरकारी खुणेचा दगड. मला दोनदा मिळालाय.